मदत हवी आहे : तिसरीची हातच्याची वजाबाकी, मधलं शून्य

नाशिक, पंचवटी. तिसरीचा वर्ग, 38 मुलं. 403 − 178 चं उत्तर निम्मा वर्ग 375 लिहितो, कारण प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा होतो. आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे दिले की जमतं: शतक सोडलं, दहा दशकं, त्यातलं एक सोडलं, 3 शतक, 9 दशक, 13 एकक. काड्या उचलल्या की वहीत पुन्हा 375! मधली पायरी काय ठेवता? नाण्या-नोटा की रिकामी संख्यारेषा (आकडे न लिहिलेली रेघ, जिच्यावर मुलं स्वतः उड्या काढतात)?

पटकन सोडवणाऱ्यांना 1 ते 6 अंक एकेकदाच वापरून दोन तीन-अंकी संख्यांतला सर्वांत लहान फरक शोधायला देतो (412 − 365 = 47). बहुतेक 49 वर थांबतात. उत्तर न फोडता पुढे कसं ढकलावं?