उद्यमबाग-पुणे लाइन: पगार घ्यावा की खेप?

खानापूरकर:
बेळगावच्या उद्यमबागेतून पुण्याला कास्टिंगच्या मालाचा दहाचाकी ट्रक चालवायचा आहे. शेठ म्हणतात, महिना १८ हजार आणि रोज ४०० भत्ता घे, नाहीतर खेपेवर ये, म्हणजे फेरीमागे पैसे. घरी आई आणि दोन पोरं. जाणत्यांनी सांगा.

निपाणीचा मामा:
भावा, पगारच घे. पुणं साडेतीनशे किलोमीटरच्या आत असलं तरी अंतरावर जाऊ नको. तवंदी घाट, कागल-साताऱ्याचं सहापदरीकरण, खंबाटकी, त्यात कंपनीच्या गेटवर गाडी खाली व्हायची वाट. गेटवर दिवस गेला तरी खेपवाल्याला छदाम मिळत नाही, पगारवाल्याचा भत्ता तरी चालू राहतो. माझा एक शेठ थांबल्या दिवसाचा भत्ता कापायचा, म्हणून हे आधीच ठरव. टोल, ताडपत्री, वराई (माल चढवण्या-उतरवण्याची हमाली) आणि ओव्हरलोडचा दंड कुणाच्या अंगावर, तेही कागदावर घे. उचल मात्र घेऊ नको. ती फिटेपर्यंत शेठ सोडत नाही, आणि झोप आली तरी ‘नाही’ म्हणता येत नाही.

१९६१ च्या मोटार कामगार कायद्यातच दिवसाचे ८ तास आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती लिहिली होती. आपल्या लाइनीत ते कोण पाळतं? तू तरी पाळ.

शहापूरची ताई:
आमचे हे चोर्ला घाटातून गोव्याला भाजी नेतात. दादा, पीएफ आणि विमा आधी विचारा. क्लीनर देणार का, तेही.

खानापूरकर:
क्लीनर नाही म्हणालेत. उद्या परत जाऊन बोलतो.