नॉमिनी थोरला भाऊ, मृत्युपत्रात मात्र दोघांची नावे: ठेवी कोणाच्या?

प्रश्न
वडिलांचे नुकतेच निधन झाले. त्यांच्या मुदत ठेवींना आणि शेअर्सना दादाचे नाव नॉमिनी म्हणून लावलेले आहे. मृत्युपत्रात मात्र हे सर्व आम्हा दोघा भावांना निम्मे-निम्मे द्यावे, असे लिहिले आहे. मृत्युपत्राची नोंदणी झालेली नाही, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत. नॉमिनी आपण असल्यामुळे पैसे आपलेच, असे दादाचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर १
बरोबर नाही. नॉमिनी हा मालक नसतो. त्याच्या हाती रक्कम दिली की बँक आपल्या जबाबदारीतून मोकळी होते, एवढाच नामनिर्देशनाचा उपयोग. पुढे ती रक्कम तो ज्यांचा हक्क आहे त्यांच्यासाठी विश्वस्ताप्रमाणे सांभाळतो. कंपनी कायद्यातील शब्दरचनेमुळे शेअर्सच्या बाबतीत बराच काळ संभ्रम होता, पण तेथेही नामनिर्देशन वारसाहक्कावर मात करत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला.

उत्तर २
नोंदणीची चिंता नको, ती ऐच्छिक आहे. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ नुसार किमान दोन साक्षीदारांनी मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेले असावे, किंवा ती सही आपलीच असल्याचे त्याने त्यांना सांगितलेले असावे, आणि त्यांनी त्याच्यासमोर सह्या केलेल्या असाव्यात. वाद न्यायालयात गेल्यास हयात साक्षीदारांपैकी एकाची तरी साक्ष लागते, म्हणून ते दोघे आज कोठे आहेत याचा शोध आधी घ्या. मूळ प्रत कोणाच्याही हाती देऊ नका, अगदी दादाच्याही.

प्रश्नकर्ता
एक साक्षीदार हयात आहेत. वडिलांची विमा पॉलिसीही आहे, तिलाही नॉमिनी दादाच. तेथेही हाच नियम लागू होतो का?

उत्तर १
तेथे सावध राहा. विमा कायद्यात २०१५ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार आईवडील, पती किंवा पत्नी, अथवा मुले नॉमिनी असतील तर त्यांना लाभार्थी मानले जाते. त्यामुळे त्या रकमेपुरते दादाचे म्हणणे वजनदार ठरू शकते, आणि तो हिशेब ठेवींपासून वेगळाच ठेवलेला बरा. ठेवींच्या बाबतीत, न्यायालयाचा मनाई आदेश नसेल तर बँक नॉमिनीलाच पैसे देईल, त्यासाठी तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही. दादाला मृत्युपत्राची छायाप्रत दाखवून बोलून पाहा; ऐकलेच नाही तर, रक्कम त्याच्या हाती जाण्याआधी वकिलामार्फत नोटीस द्या.