थरावर थर दिले की रंगाचा चिखल होतो, काय चुकतंय?

गिरगावची_चित्रकार:
दीड वर्ष झालं ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे अमूर्त चित्रं करतेय, ऑइलमध्ये (तैलरंगात), चाळीतल्या खोलीत. तळाला गेरूसारखा लाल देते आणि त्यावर हिरवा पातळ करून, म्हणजे आतून लाल धुमसत राहावा असं मनात असतं, पण तिसऱ्या थराला सगळं मातकट. मग जीव घाबरतो आणि वरून चार रेघा ओढते, त्या कमी वाटतात म्हणून आणखी दहा. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडेंच्या चित्रात रंग आतून उजळल्यासारखा दिसतो तो कसा हो?

दादरचा_बाळू:
ताई, लाल-हिरवा विरोधी रंग, ओल्यावर ओला घासला की तपकिरी होणारच. ऑइल पाण्यासारखं उडून वाळत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याला वेळ लागतो. पावसाळ्यात माझा थर आठवडा आठवडा चिकट राहतो, कडेला बोट लावून बघितल्याशिवाय पुढे जात नाही. आणि ट्यूबवरचा छोटा चौकोन बघा, रिकामा असेल तर रंग पारदर्शक, भरलेला असेल तर झाकणारा. हिरव्यात टायटॅनियम व्हाइट, म्हणजे झाकणारा पांढरा, घालत असाल तर लाल तिथेच संपला. खालच्या थरात तेल कमी, वर जास्त, नाहीतर पुढे तडे जातात.

जेजे_९८:
गायतोंडे १९४८ ला मुंबईच्या जेजे कलाशाळेतून डिप्लोमा घेऊन बाहेर पडले. पुढे त्यांनी रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरवायची सुरी) हातात घेतले, आणि ओल्या रंगावर कागदाचे फाटके तुकडे दाबून ते उचलायचे. म्हणजे आकार नुसता रंग लावून नाही, काढूनही येतो! वर्षाला मोजकेच कॅनव्हास व्हायचे त्यांचे, बाकीचा वेळ बघण्यात. तुम्ही रेघ मारायच्या आधी किती वेळ नुसतं बघता?

रेघोट्या:
रेघांसाठी चित्रकार नसरीन मोहमदीचं काम बघच गं. कागदावर पेन्सिल आणि शाई, बस. काही रेघा दाट, काही इतक्या फिक्या की कागद तिरका धरावासा वाटतो, आणि मधली मोकळी जागा रेघांइतकीच बोलते. तुझ्या दहा रेघांचा दाब सारखाच असेल, तो बदलून बघ, दोनच पुरतील.

गिरगावची_चित्रकार:
सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्या हिरव्या ट्यूबवरचा चौकोन भरलेला निघाला, दीड वर्ष कधी बघितलाच नव्हता. काल दुसरा पारदर्शक हिरवा आणून तळ पूर्ण वाळलेल्या कॅनव्हासवर लावला, आणि ओला असतानाच जुन्या कॅलेंडरचा तुकडा दाबून उचलला. खाली लाल दिसला, नखाएवढा, कडेला हिरवी झाक. त्यावर एकही रेघ मारली नाहीये, रविवारपर्यंत नुसती बघणार आहे.