[मंडळ-चर्चा] बिल पूर्ण भरूनही क्रेडिट स्कोअर घसरला, कसा?

प्रेषक: नवा सभासद
सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

नाटकाच्या तिकिटांच्या मेलांमध्ये हा रुक्ष विषय घुसवतोय, सांभाळून घ्या.

अमेरिकेत येऊन मला दीडेक वर्ष झालं. क्रेडिट कार्ड एकच, लिमिट ५,००० डॉलर. बिल कधी उशिरा भरलं नाही, व्याजापोटी एक सेंट दिला नाही. गेल्या महिन्यात भारताची विमानाची तिकिटं काढली, ३,२०० डॉलरची. बिल आल्यावर मुदतीच्या आधीच पूर्ण भरून टाकलं. तरी ॲपमध्ये स्कोअर बराच खाली आलेला दिसतोय. थोड्याच दिवसांत गाडीसाठी कर्ज काढायचं आहे, म्हणून धाकधूक. बँकेत फोन केला तर "तुमचं खातं व्यवस्थित आहे" एवढंच ऐकायला मिळालं. माझं नेमकं कुठे बिनसलं?

---

प्रेषक: जुने सभासद
सोमवार, रात्री १०:४०

अरे, दरवेळी पूर्ण भरतोस ना, तिथेच घोळ आहे. थोडी बाकी ठेवत जा. बँकेला चार पैसे व्याज मिळालं की स्कोअर आपोआप वर जातो. मी इथे आलो तेव्हा ऑफिसातल्या सगळ्यांनी हेच सांगितलं होतं.

---

प्रेषक: माजी खजिनदार
मंगळवार, सकाळी ७:०५

मंडळी, वरचा सल्ला कृपया कोणी अमलात आणू नका. (दादा, राग मानू नका, पण हा समज आपल्याकडे फार जणांचे पैसे खातो.) तुम्ही व्याज दिलंत की नाही, हे क्रेडिट रिपोर्टात नसतंच. तिथे असतं ते खातं कधी उघडलं, लिमिट किती, बाकी किती, हप्ते वेळेवर गेले की नाही. बाकी पुढे ओढली तर फायदा फक्त बँकेचा, आणि तोही आजकाल बहुतेक कार्डांवर वर्षाला २० टक्क्यांहून जास्त दराने.

आता तुझ्या प्रश्नाकडे. कार्डाला दोन तारखा असतात आणि आपण सगळे एकच लक्षात ठेवतो. एक क्लोजिंग डेट, म्हणजे बिल बंद होतं तो दिवस. दुसरी ड्यू डेट, पैसे भरायची शेवटची तारीख. २००९ च्या कार्ड ॲक्टप्रमाणे बिल पाठवल्यापासून ड्यू डेटपर्यंत निदान २१ दिवस मिळालेच पाहिजेत. बहुतेक बँका क्लोजिंग डेटला जी बाकी असते तीच एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या क्रेडिट ब्युरोंना, म्हणजे कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांना, कळवतात. काही बँका महिनाअखेरीची कळवतात, पण त्या थोड्या.

म्हणजे तू पैसे भरलेस मुदतीत, पण त्याआधीच ३,२०० चा आकडा ब्युरोकडे पोचलेला होता. ५,००० च्या लिमिटवर ३,२०० म्हणजे ६४ टक्के युटिलायझेशन (लिमिटपैकी वापरलेला हिस्सा). फायको या क्रेडिट स्कोअरच्या हिशोबात वेळेवर पैसे भरण्याला ३५ टक्के वजन आहे आणि किती देणं आहे याला ३०, आणि या ३० मध्ये युटिलायझेशनचा वाटा मोठा. एकच कार्ड, त्यातही लिमिट लहान, त्यामुळे एका तिकिटाने सगळं चित्र बदललं. ज्याच्याकडे तीन कार्डांवर मिळून ४०,००० ची लिमिट आहे, त्याच्या स्कोअरला हीच तिकिटं जाणवलीही नसती. मला स्वतःला हा प्रकार अन्यायाचा वाटतो: नव्याने आलेल्या माणसाला लिमिट लहान मिळते आणि खर्च मात्र त्याचेच मोठे असतात. पण गणित असंच आहे.

दिलासा असा की हा डाग नाही. सर्रास वापरात असलेलं फायको ८ फक्त ताजा आकडा बघतं. पुढच्या क्लोजिंग डेटला बाकी कमी गेली की स्कोअर सावरतो. (फायको १० टी आणि दुसऱ्या कंपनीचं व्हँटेजस्कोअर ४.० ही नवी मॉडेलं मागच्या २४ महिन्यांपर्यंतच्या बाकीचा कल बघतात. तिथे एका महिन्याची सफाई तितकी पुरत नाही.)

तेव्हा कर्जाचा अर्ज करायच्या आधीच्या महिन्यात क्लोजिंग डेटच्या तीन-चार दिवस आधीच बरीचशी रक्कम भरून टाक. पैसे जमा व्हायला वेळ लागतो, म्हणून आदल्या रात्रीवर ठेवू नको. बिलावर दीडशे डॉलर दिसले तरी युटिलायझेशन ३ टक्के.

यात एक खाच आहे. क्लोजिंग डेटच्या आधी भरलेले पैसे येणाऱ्या बिलाचं पेमेंट म्हणून धरले जात नाहीत, ते फक्त बाकी कमी करतात. बिलावर दीडशे उरले तर ते ड्यू डेटपर्यंत वेगळे भरावेच लागतात. "मी या महिन्यात भरले की" म्हणून गाफील राहणारे लोक इथेच अडकतात. ऑटो-पे चालू ठेव.

---

प्रेषक: सभासद, गृहकर्जाच्या क्षेत्रात काम
मंगळवार, दुपारी १२:३०

काकांनी छान सांगितलंय, त्यात थोडी भर.

३० टक्क्यांची रेषा सगळ्यांच्या तोंडी असते, पण २९ वर सुरक्षित आणि ३१ वर कडेलोट असं काही नाही. जितकं कमी तितकं बरं. उत्तम स्कोअर असलेल्यांचं युटिलायझेशन बहुधा एक आकडी असतं. सगळ्या कार्डांचं मिळून बघतात, तसंच प्रत्येक कार्डाचं वेगळंही बघतात, म्हणून एक कार्ड काठोकाठ आणि बाकीची रिकामी, हेही बरं नाही. उलट सगळ्याच कार्डांवर शून्य गेलं तर फायको किंचित कमी गुण देतं, कारण कार्ड वापरात आहे असं त्याला दिसत नाही. एखाद्या कार्डावर दहा-वीस डॉलर दिसू द्यावेत आणि बिल आलं की पूर्ण भरावेत. दादा, तुमच्या ऐकीव सल्ल्याचं मूळ बहुधा इथे असेल.

पण हा खटाटोप दर महिन्याला करू नका. कर्ज काढायचं नसेल तेव्हा स्कोअर वीस-पंचवीस अंकांनी वरखाली झाला तर कोणाचं काय अडतं? तेव्हा बिल मुदतीत पूर्ण भरणं एवढंच काम. माझ्यासमोर येणाऱ्या फाइलींमध्ये घात होतो तो उशिराने. दोन-चार दिवस उशीर झाला तर लेट फी बसते, व्याजही लागू शकतं, पण ब्युरोकडे नोंद जाते ती ३० दिवस उलटल्यावर. एकदा गेली की सात वर्षं राहते. म्हणून गावाला जायचं असेल तर निघण्याआधी ऑटो-पेच्या खात्यात पैसे आहेत ना, एवढं बघा.

आणि ॲपमधला आकडा बघून घाबरू नकोस. बऱ्याच मोफत ॲपमध्ये व्हँटेजस्कोअर असतो. गाडीचं कर्ज देणारे पुष्कळदा फायकोचा ऑटो स्कोअर बघतात, त्याची पट्टी २५० ते ९०० अशी निराळीच आहे.

---

प्रेषक: नवा सभासद
मंगळवार, रात्री ९:२०

काका, ताई, मनापासून आभार. माझी क्लोजिंग डेट १४ आहे, आजवर तिकडे बघितलंच नव्हतं. आणखी दोन शंका. लिमिट वाढवून मागू का? आणि तीन-चार ठिकाणी व्याजदर विचारले तर प्रत्येक चौकशीचे गुण कापले जातील का?

---

प्रेषक: सभासद, गृहकर्जाच्या क्षेत्रात काम
मंगळवार, रात्री १०:०२

लिमिट जरूर माग, पण आधी बँकेला विचार, हार्ड इन्क्वायरी (स्कोअरचे गुण कापू शकणारी चौकशी) करणार की सॉफ्ट (गुण न कापणारी). सॉफ्ट असेल तर बिनधास्त. हार्ड म्हणाले तर गाडी घेऊन होईपर्यंत थांब. याच कारणासाठी आत्ता नवीन कार्डही काढू नकोस.

गाडीच्या कर्जासाठीच्या चौकशा थोड्या दिवसांत उरकल्या तर फायको त्या एकच धरतं. नव्या मॉडेलांत ही मुदत ४५ दिवसांची आहे, जुन्यांत १४. कर्ज देणारा कोणतं वापरतो हे आपल्याला कळत नाही, म्हणून सगळं दोन आठवड्यांच्या आत आटप. १४ तारखेचं बिल ब्युरोत दिसायला काही दिवस लागतात, ते दिसलं की मगच शोरूममध्ये जा.