मदत हवी आहे: किल्ल्याचे बुरुज वरून कापल्यासारखे का? (तातडीचं)

मृण्मयी_बी_विंग
सोसायटीच्या दिवाळी किल्ला स्पर्धेत आमच्या विंगच्या पोरांनी यंदा परदेशी किल्ला केलाय. तट उभे राहिले, फलक राहिलाय: का बांधला, कसा बांधला. फोटोत सगळे बुरुज बुटके, वरून कापल्यासारखे. पोरं म्हणतात तोफांनी उडवले. खरं काय? प्लीज लवकर, परवा परीक्षण आहे.

टाकाऊ_टिकाऊ
कुठला किल्ला? कुठला देश? फोटो कुठाय?

गडकरी_नाना
राजगड सोडून परदेशी कशाला? संजीवनी माचीचा दुहेरी तट एकदा मातीत करून बघा, पोरांना आयुष्यभर पुरेल.

लंडनकर
इंग्लंडमधला असेल तर पोरं बरोबर आहेत. १६४० च्या दशकातल्या यादवीनंतर पार्लमेंटने बरेच किल्ले मुद्दाम निकामी केले. कॉर्फ तर सुरुंग लावून उडवला.

मृण्मयी_बी_विंग
फोटो अपलोड होत नाहीये. वेल्समधला आहे. भोवती पाणी. आणि नाना, डोंगरच नाही तर तिथे किल्ला कशाला, हेही परीक्षक विचारणार.

चुनखडी
वेल्समधला म्हणजे कॉन्वी. इंग्लंडचा राजा पहिल्या एडवर्डने १२८३ ते १२८७ मध्ये बांधला. बुरुजांवर तिरक्या चढत जाणाऱ्या भोकांची रांग दिसते बघा. परांचीची लाकडं त्यात खोचायची, म्हणजे परांची बुरुजाला वळसे घालत वर जायची आणि तिच्यावरून दगड ओढता यायचे. फलकावर हेच लिहा.

मृण्मयी_बी_विंग
कॉन्वी नाही हो. एकात एक दोन तट आहेत. बेटावर आहे.

खंदक
बाई, हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं ना. ब्यूमारिस, अँगलसी बेट.

बुरुज कोणी पाडलेले नाहीत, ते पुरे बांधलेच गेले नाहीत. १२९४ मध्ये वेल्श सरदार मॅडोग अप लिवेलिनने इंग्रजांविरुद्ध बंड केलं, कारनार्वनचा अर्धवट किल्ला लुटला. ते मोडून काढल्यावर एडवर्डने १२९५ मध्ये इथे काम काढलं. शेजारच्या लानवेस गावातले वेल्श लोक उठवून दुसरीकडे वसवले. डोंगराचं म्हणाल तर इथे त्याची गरजच नव्हती. वेढा पडला तर रसद समुद्रातून यायला हवी, म्हणून किनाऱ्याची सपाट पाणथळ जागा. भरतीला गलबत थेट दरवाजाजवळच्या धक्क्याला लागायचं. बाहेरचा तट ठेंगणा, आतला उंच, म्हणजे दोन्हींवरून एकाच वेळी बाण सोडता येतात.

बांधणारा मास्टर जेम्स, सॅव्हॉयकडचा. फेब्रुवारी १२९६ मध्ये त्याने खजिन्याला पत्र धाडलं: ४०० पाथरवट-गवंडी, २००० मजूर, खाणीत २०० माणसं, शिवाय लोहार, सुतार, गाड्या, होड्या. आठवड्याला २५० पौंड लागतात आणि मजुरी थकलीय. त्याच वर्षी एडवर्ड स्कॉटलंडवर गेला, पैसा तिकडे वळला. १३०६ नंतर पुन्हा थोडं काम झालं आणि १३३० च्या सुमारास कायमचं थांबलं. आतल्या इमारतींना उंची मिळालीच नाही.

लंडनकर
मी 'इंग्लंडमधला असेल तर' म्हटलं होतं, नोंद घ्यावी.

गडकरी_नाना
म्हणजे सरकारी कंत्राट, बिल थकलं, काम बंद. चुन्यात गूळ-हिरडा नसणार, टिकणार कसा?

चुनखडी
नाना, सातशे वर्षं उभा आहे. चुना आणि वाळू पुरली. थंडीत मात्र गवंडीकाम थांबायचं, ओला चुना गोठून फुटतो म्हणून. अर्धवट भिंतींच्या माथ्यावर गवत नाहीतर शेणखत पसरून ठेवायचे.

टाकाऊ_टिकाऊ
बुरुज गोल केलेत ना? चौकोनी बुरुजाचा कोपरा खालून पोखरता येतो. १२१५ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचेस्टरच्या किल्ल्याला किंग जॉनने तेच केलं. ४० डुकरं मागवली आणि त्यांच्या चरबीने भुयारातले टेकू जाळून कोपरा खाली आणला. नंतर तो कोपरा गोल बांधला, आजही एक गोल आणि बाकीचे चौकोनी दिसतात.

खंदक
गोल बुरुजही पोखरता येतो, फक्त कठीण जातं. ब्यूमारिसला भुयार खणायला घेतलं तर आधी पाणीच भरेल.

प्रवासी_पक्षी
कॉन्वीला ट्रेनने जा, स्टेशन तटाच्या आतच आहे. पार्किंगची कटकट नाही.

मृण्मयी_बी_विंग
@प्रवासी_पक्षी आम्ही ठाण्यात आहोत, किल्ला पार्किंगमध्येच आहे.
@खंदक खूप खूप आभार! पोरं बुरुज वाढवायला निघाली होती, थांबवलं. आता बुरुजाला लागून बांबूची परांची आणि दगडाची गाडी ठेवतोय. डुकरांचं फलकावर लिहिणार नाही, अध्यक्ष काका चिडतील. आता एकच राहिलं: खंदकातलं पाणी तासाभरात जिरतंय.

टाकाऊ_टिकाऊ
खाली काय घातलंय? नुसती माती?

मृण्मयी_बी_विंग
गोणपाट.

टाकाऊ_टिकाऊ
😐 ताडपत्री घाला. आणि अळीव अजून पेरलं नसेल तर विसरा, परवापर्यंत उगवणार नाही.

गडकरी_नाना
मावळे कुठे उभे करणार ते कोणी विचारलंच नाही.