सीडी १०० : सगळे सील नवे टाकले तरी मॅगनेटच्या अंगाने ऑइल गळते

वावरातला_गडी (दारव्हा तालुका)

नमस्कार मंडळी. बाबांची १९९१ ची हिरो होंडा सीडी १०० घरीच दुरुस्त करून राहिलो. कापसाच्या पैशातून घेतलेली गाडी, त्यामुळे एके काळी घरात तिचा मान बैलजोडीच्या खालोखाल होता. पुढे स्प्लेंडर आली आणि ही गोठ्याच्या पडवीत, ढेपेच्या पोत्यांमागे गेली ती गेलीच. बाहेर काढली तेव्हा सीट उंदरांनी खाल्ली होती, पण किक मारल्यावर पिस्टन हलला, म्हणून हात घातला.

झालेलं काम सांगतो. यवतमाळच्या लेथवर बोअर मारून ०.२५ चा पिस्टन बसवला. व्हॉल्व्ह घासले, टायमिंग चेन नवी, क्लच प्लेटा नव्या. कनेक्टिंग रॉडला खालीवर काहीच खेळ नव्हता, म्हणून क्रँककेस (इंजिनाची खालची पेटी) फोडली नाही. गाडी आता एका किकमध्ये चालू होते. पहिल्यांदा आवाज ऐकून बाबा चहा तसाच ठेवून अंगणात आले.

आता दुखणं. अंगणात उभी ठेवून चालू केली तर थेंब पडत नाही. दारव्ह्याला जाऊन आलो की डावी बाजू ओली! मॅगनेटच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) कव्हरखालून आणि चेन स्पॉकेटच्या मागून ऑइल उतरतं, बूट चिकट होतो. मागचा टायरही एका अंगाने ओला दिसला, म्हणून सध्या गाडी गावाबाहेर नेत नाही.

स्पॉकेट शाफ्टचं सील, गिअर शाफ्टचं सील, मॅगनेट प्लेटमागचं सील, तिची मोठी ओ-रिंग, न्यूट्रल स्विचची ओ-रिंग, सगळं नवं आहे. परवा कव्हर काढलं तर स्पॉकेट शाफ्टचं सील एका बाजूने नखभर बाहेर सरकलेलं. दाबून परत बसवलं, फिरून आलो, पुन्हा तेच.

गावातला मिस्त्री म्हणतो क्रँककेसच वाकडी आहे, भंगारातलं दुसरं इंजिन पाहा. इंजिन बदललं की आरसी बुकातला नंबर बदलायला आरटीओच्या चकरा आल्या, ते मला नको. ऑइल २०-४० चं आहे, पातळी वरच्या खुणेला. कोणाला असा अनुभव आहे का?

बुलेट_पुसद

सिलिकॉन पेस्ट आण, सगळ्या जोडांवर जाड थर मार, रात्रभर वाळू दे. विषय संपला.

मिस्त्री_मूर्तिजापूर

भाऊ, आमचं गराज होतं, आता हात थरथरते म्हून बसल्या जागी सांगतो. क्रँककेस वाकडी हे आंदी डोक्यातून काढ. वाकडी असती त अंगणातही गयली असती. उभी असली का कोरडी अन पयवली का ओली, हा सीलाचा रोग नाई, दाबाचा हाये.

पिस्टन खाली येते तवा त्याच्या खालच्या हवेले कुठंतरी जाग लागते. वरून रिंगातून थोडा गॅसही उतरतेच, बोअर नवा असला तरी. नव्या रिंगा बसेपर्यंत त जरा जास्तच. थे सारं बाहेर जावं म्हून कंपनीनं ब्रीदरचा रस्ता देला. थो रस्ता बंद झाला का हवा आपला रस्ता सोताच पाह्यते, अन जिथं कमजोर जागा भेटली तिथून निंगते. निंगताना ऑइल घेऊन निंगते. तू सांगतं सील बाहेर सरकलं. त्याले आतून कोन ढकललं मंग? सील काही पायानं चालत नाई.

पहिली परीक्षा. चार-पाच किलोमीटर फिरून ये, गाडी बंद कर, अन लगेच डिपस्टिक (ऑइल मोजाची कांडी) ढिली करून पाय. हात जपून, इंजिन तापलेलं रायते. फुस्स करून हवा आली त समजून जा का आत दाब कोंडला.

दुसरी परीक्षा. क्रँककेसच्या वरून ब्रीदरची रबरी नयी निंगते, थे काढून तोंडानं फुक. हवा सर्र गेली पाह्यजे. नयी साफ निंगाली त क्रँककेसचं तोंड पाय, पण तिथं कंप्रेसरची हवा नको मारू. जो कचरा हाये थो सारा आत जाईन अन तुया नव्या बोअरची वाट लागीन. वाकड्या तारेनं बाहेर ओढजो.

गयती नेमकी कुठून हे पाह्याचं असन त आंदी रॉकेल नाईतर डिझेलनं इंजिन धू, मंग सर्फच्या पान्यानं, अन कोरडं कर. त्याच्यावर तोंडाले लावाची पावडर फुकजो. फिरून आल्यावर पांढऱ्यात काया ओघोय दिसते. त्याचं सर्वात वरचं टोक पाह्याचं, खालचं नाई. हवेनं ऑइल मांगं अन खाली पसरते, म्हून जिथं थेंब पडते तिथून गयती कधीच नसते. बरेच पोट्टे तिथंच फसते.

पुसदवाल्या भाऊचं आयकू नको. पेस्ट जास्त झाली का आतल्या अंगानं तिची दोरी होते, तुटते, अन ऑइलच्या जायीत जाऊन बसते. या इंजिनात कागदाचा फिल्टर नाई. खाली जायी अन क्रँकवरची कचरा गोया करनारी फिरती वाटी, इतकंच. जायी कोंडली का हेडातला कॅम कोरडा फिरते. शिवाय ज्या जागी कागदी पॅकिंग हाये तिथं पेस्टीचं काम काय?

अन डिपस्टिक कशी पाह्यतं? गाडी मेन स्टँडवर, अन डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवाची. आटे लावून पाह्यली त पातयी खऱ्यापेक्षा जास्त दिसते, अन गाडी कमी ऑइलवर चालत रायते.

हिंगणघाट_पार्ट्स_काउंटर

सासऱ्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर मीच असते. ब्रीदरचं काका बरोबर बोलले. मी फक्त सीलाबद्दल सांगते.

दादा, एकदा बाहेर सरकलेलं सील परत दाबून वापरू नका. त्याची बाहेरची कड घासली जाते आणि मग ते आपलं घर धरत नाही. नवं घेताना “सीडीचं सील द्या” एवढंच सांगू नका, कारण मग हाताशी असेल ते मिळतं. सीलाच्या तोंडावर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. जुनं सील पुसून सोबत न्या आणि आकडे जुळवूनच घ्या.

बसवताना स्प्रिंगची बाजू आत, ऑइलकडे. ओठाला बोटाने ऑइल लावा. स्पॉकेट शाफ्टच्या दात्यांवरून सील सरकवताना ओठ हमखास कापला जातो आणि नव्या सीलातून पहिल्याच दिवशी गळती लागते. त्या दात्यांवर रिकाम्या ऑइलच्या पाकिटाचा गुळगुळीत तुकडा गुंडाळा, मग सील सरकवा. ठोकायला सीलाच्या बाहेरच्या मापाचा बॉक्स पाना घ्या, पेचकसाने एकेका कडेला ठोकू नका.

आणखी एक. शाफ्टवर जिथे ओठ घासतो तिथे नख फिरवून पाहा. खाच लागली तर सील अगदी थोडं कमी खोल बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येईल. खाच फार खोल असेल तर कितीही महागडं सील आणा, पाझरणारच.

आणि हसू नका, पण चेनला वंगण जास्त झालं की तेही स्पॉकेटमागे काळ्या मातीत कालवून अगदी इंजिन ऑइलसारखं दिसतं. आमच्याकडे लोक त्यापायी सील नेतात. पावडर लावण्याआधी चेनही पुसून घ्या.

वावरातला_गडी

काका, डिपस्टिक ढिली केली तर अशी फुस्स झाली की शेजारचं कुत्रं उठून गेलं. मग नळी काढून फुंकली. गाल फुगले, हवा काही जाईना.

नळीचं मोकळं तोंड खाली फ्रेमच्या मागे लोंबतं. बाहेरून पाहिलं तर मातीचा मळ वाटला. तार घातली तर वाळलेल्या काळ्या मातीची चकती निघाली. तिच्यामागे बारीक कोळी, दहा-बारा असतील, पाय पोटाशी घेऊन वाळलेले. त्यांच्यामागे दुसरी चकती, पुन्हा कोळी. कुंभारीण माशीने पूर्ण नळीत एकामागे एक खोल्या पाडल्या होत्या! पडवीत उभ्या गाडीला तिने आपलं घर करून टाकलं होतं. भिंतीवर तिची घरं लहानपणापासून पाहतो, पण नळीत असं पहिल्यांदाच. क्रँककेसच्या तोंडाशी मात्र माती पोचली नव्हती, तिथे फक्त ऑइलचा काळा चिकटा होता. तो तारेला चिंधी गुंडाळून ओढून काढला.

नळी कडक होऊन तडकली होती, ऑइल सोसणारी नवी टाकली. ताईंनी सांगितल्याप्रमाणे आकडे जुळवून नवं सील आणलं. शाफ्टला खाच नाही. पावडर लावून दारव्हा करून थेट दिग्रसपर्यंत गेलो. स्पॉकेटमागे पांढरं ते पांढरंच. मॅगनेटखालीही कोरडं, म्हणजे तिथे वरचंच ऑइल उतरत होतं.

आता उजव्या अंगाला किकच्या शाफ्टपाशी थोडी ओल दिसते. थेंब पडत नाही. कव्हर उघडावं लागेल का? कालच नवं पॅकिंग टाकून बंद केलं आहे.

मिस्त्री_मूर्तिजापूर

कव्हर नको उघडू. किक काढ, सील बाहेरूनच निंगते. आकडीनं ओढताना शाफ्टले ओरखडा नाई पडला पाह्यजे, नाईतर नव्या सीलालेही थोच रोग लागीन.

नयीच्या तोंडात माशी पुन्हा घर करीन म्हून चिंधी कोंबजो नको. चिंधी ऑइल पेते अन बुजते, मंग हाये तेच. बारीक तारेची जायी बांध. गाडी रोज चालत रायली त माशी तशीही येत नाई.

बोअर नवा हाये त पयलं ऑइल पाचशे किलोमीटरलेच काढून टाक, अन तवा जायीही धुजो. डब्यावर जासो एमए लिहिलेलंच ऑइल घेजो. कारचं टाकलं त क्लच घसरू शकते, कारन क्लच त्याच ऑइलात बुडून असते. अन मांगचा टायर सर्फनं घासून धुतला का नाई? थे आंदी कर.

वावरातला_गडी

टायर धुतला काका, रिमसुद्धा. ताई, किकचं सील तुमच्याकडून मागवू का? पाठवता येईल का इकडे?

हिंगणघाट_पार्ट्स_काउंटर

सीलापेक्षा कुरिअरचे पैसे जास्त होतील दादा. दारव्ह्यातच घ्या, फक्त जुनं हातात घेऊन जा.