लग्नाचा पोशाख नसलेला पाहुणा आणि देवाची कृपा

प्रश्न
बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानातील (अध्याय २२) राजाच्या लग्नाच्या मेजवानीचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, आमच्या शास्त्राभ्यासात नुकताच झाला. चाकर रस्त्यांवरून बरेवाईट सगळेच लोक गोळा करून आणतात, तेथपर्यंत कृपेचा अर्थ लागतो. परंतु अशा वाटेवरून आणलेल्या एका माणसाच्या अंगावर लग्नाचा पोशाख नाही, म्हणून राजा त्याला हातपाय बांधून बाहेरच्या अंधारात टाकायला सांगतो. आमंत्रण विनाअट होते, तर ही अट कोठून आली?

उत्तर १
कृपया लूकच्या शुभवर्तमानातील १४ व्या अध्यायातला मेजवानीचा असाच दाखला शेजारी ठेवून वाचावे. तेथे पोशाखाचा प्रसंगच नाही. घरधनी दरिद्री, व्यंग, आंधळे व लंगडे यांना आत बोलावतो आणि तरीही जागा उरते. मृत समुद्राकाठच्या कुमरान येथे सापडलेल्या, एका प्राचीन यहुदी पंथाच्या नियमावलीत लंगडे, आंधळे, बहिरे यांना मंडळीच्या सभेत स्थान नाही, हे लक्षात घेतले म्हणजे येशूने नेमकी हीच माणसे पंक्तीला का बसवली ते उमगते. यावरून यहुदी धर्मच कठोर होता, असे मात्र कोणी म्हणू नये. सर्व राष्ट्रांसाठी देवाने मांडलेली मेजवानी यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात आहे, आणि येशू त्याच परंपरेतून बोलतो.

उत्तर २
चौथ्या-पाचव्या शतकातील ख्रिस्ती धर्मगुरू संत ऑगस्टिन यांनी हा पोशाख म्हणजे शुद्ध अंतःकरणातून येणारी प्रीती, असा अर्थ लावला आणि तो मला पटतो, कारण प्रीती ही आत येण्याची पात्रता नसून आत आल्यावर अंगी बाणायची गोष्ट आहे. दुःख याचे वाटते की त्याच ऑगस्टिन यांनी लूक १४:२३ मधील ‘आत येण्यास भाग पाड’ या आज्ञेचा आधार घेऊन उत्तर आफ्रिकेतील, मुख्य चर्चपासून वेगळे झालेल्या डोनेटिस्ट पंथीयांवरील सरकारी सक्तीचे समर्थन केले. सक्तीने बसवलेल्या पंक्तीला समावेश म्हणता येत नाही.

उत्तर ३
पोशाखाविषयी विचारतो तो राजा. चाकरांना दारात कोणाचे कपडे तपासण्याचे काम दिलेलेच नाही. मत्तय १३ मधील निदणाच्या (पिकातल्या तणाच्या) दाखल्यातही धनी चाकरांना कापणीपर्यंत काहीही उपटू देत नाही. त्यामुळे एखाद्याला प्रभुभोजनापासून (भाकर व द्राक्षारसाच्या विधीपासून) दूर ठेवण्यासाठी हा दाखला पुढे करणारी मंडळी (चर्च) राजाचे काम स्वतःकडे घेते, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. तरीही राजाने विचारल्यावर त्या माणसाचे निरुत्तर होणे मला अस्वस्थ करते; पुढच्या अभ्यासाला दोन्ही शुभवर्तमानांतील उतारे एकत्र वाचावेत, असे मी सुचवणार आहे.